मोटारीला लाल कार्ड

माझं लग्न एका दातामुळं जमलं. दात नवऱ्याचा होता आणि तो पाडणारा पाय माझ्या थोरल्या भावाचा.

नांदेड आणि लातूरची फुटबॉलची मॅच होती, आमच्या नांदेडात. दादा नांदेडकडून पुढं खेळायचा. लातूरच्या गोलात एक उंच, हडकुळा बँकेतला कारकून उभा होता. दादानं मारलेला चेंडू त्यानं हातानं अडवायचं सोडून तोंडानं अडवला. गोल वाचला, पुढचा दात गेला. मॅच संपल्यावर दादाला वाईट वाटलं आणि तो त्या गोलकीपरला थेट आमच्या घरी घेऊन आला. तोंडावर रुमाल दाबून बसलेल्या त्या माणसाला आईनं मऊ वरणभात कालवून दिला आणि चौकशी सुरू केली. कुठले, घरी कोण कोण, नोकरी कायम आहे का. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत होता. इतका शांत, सोशिक मुलगा आईनं जन्मात पाहिला नव्हता. पुढच्या लगीनसराईत आमचं लग्न लागलं. दात बसवल्यावर खरा प्रकार कळला, पण तोवर अक्षता पडल्या होत्या.

मी शाळेत असताना पळायची. आठशे मीटरला माझा नंबर हमखास यायचा, त्याचं एक कारण म्हणजे बाकीच्या मुली मध्येच पाणी प्यायला थांबायच्या. पण लातूरला सगळ्यांना सांगण्यात आलं की सून खेळाडू आहे. सासूबाई हे ऐकून म्हणाल्या, "बरं झालं. ह्याच्या मागं पळायला कुणीतरी पाहिजेच होतं."

लग्नानंतर देवदर्शन झालं आणि परत येताना स्कूटर भलत्याच बाजूला वळली. माझ्या अंगावर शालू, हातात हिरव्या बांगड्या, आणि समोर एक उघडंबोडकं मुरमाड मैदान. दोन टोकांना दोन गोलपोस्ट, एका बाजूला अर्धवट कंपाउंड, आणि मधोमध गाढवं उभी. नवरा स्कूटरवरून उतरला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि भरून आलेल्या आवाजात म्हणाला, "हे आपलं स्टेडियम."

मी इकडं तिकडं बघितलं. "कुठाय?"

"हे काय. होऊन राहिलंय की."

मी नंतर कित्येक वर्षं ते मैदान बघत आले. ते कायम होऊन राहिलेलं होतं.

नवऱ्याच्या सांगण्याप्रमाणं, ही जागा त्याच्या लहानपणी गावाबाहेर होती. तिथं एक चाचा पोरांना फुटबॉल शिकवायचे. त्यांचं सायकलचं दुकान होतं, आणि दुकान बंद करून ते चिमटा-पाना खिशात तसाच ठेवून मैदानावर यायचे. पोरं अनवाणी खेळायची. कुणी चेंडू चुकवला की चाचा ओरडायचे, "अरे मियाँ, गेंद को देख! आसमान में क्या तेरी बारात जा रही?" माझ्या नवऱ्याला त्यांनी गोलात उभं केलं ते त्याची उंची बघून नव्हे, तर त्याला पळायला सांगितलं की तो कारणं सांगायचा म्हणून. चाचा गेले तेव्हा मैदानावर मॅच चालू होती. ती त्यांच्या पोरांनी थांबवली नाही. चाचांना थांबवलेलं आवडलं नसतं, असं नवरा सांगतो. मला तरी ते पटलं.

मग गॅलरी आली. शहराला शोभेलसं स्टेडियम व्हायचं ठरलं आणि पायाभरणीचा समारंभ झाला. समारंभ सकाळचा होता. पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन नको म्हणून त्यांच्या खुर्च्या पूर्वेच्या बाजूला, पश्चिमेकडं तोंड करून मांडल्या होत्या, आणि जिथं त्यांनी टिकाव मारला तिथंच पुढं गॅलरी उभी राहिली. कुणाच्याही लक्षात आलं नाही की मॅच संध्याकाळी असते. तेव्हापासून आजतागायत लातूरकर फुटबॉल बघतात तो कपाळावर हात धरून, किंवा डोक्यावर वर्तमानपत्र घेऊन, किंवा न बघता. गोल झाला की आधी आवाज येतो, मग सगळे शेजाऱ्याला विचारतात, "कुणी मारला?" एकदा नवऱ्यानं, तोही स्टेडियम समितीत होता, बैठकीत विचारलं की हे असं का बांधलं. सचिव म्हणाले, "मावळतीचं दर्शन शुभ असतं." हे सचिव आमच्या गोष्टीत पुढं पुन्हा येणार आहेत. तेव्हा ते नवीन होते आणि केस काळे होते. आता ते जुने आहेत आणि केस अजूनही काळे आहेत.

भूकंपाच्या साली मैदानाचा खेळाशी काही संबंध उरला नाही. बाहेरगावाहून मदतीचे ट्रक आले ते तिथंच उभे राहिले. ब्लँकेटं, भांडी, तांदळाची पोती, जुने कपडे. कुणीतरी प्रेमानं पाठवलेले सूट-बूटही होते त्यात. नवरा आणि त्याची सगळी टीम रात्रंदिवस पोती उचलत होती. मीही, जिथं शिकवायची त्या शाळेतल्या बायकांबरोबर कपडे निवडायला जात होते. त्या दिवसांत तो घरी आला तरी बोलायचा नाही, जेवायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा. त्याची बडबड ऐकायची मला इतकी सवय झाली होती की घर मोकळं वाटायचं.

ट्रक गेल्यावर बघितलं तर मैदानावर चाकांच्या खोल चाऱ्या होत्या आणि दोन्ही गोलपोस्ट नव्हते. कुणीतरी पत्र्याच्या शेडसाठी पाइप नेले होते. काही महिन्यांनी, खेळ पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा, नवरा आणि त्याचे दोन मित्र जीपनं किल्लारीच्या बाजूला गेले, पाइप परत मिळतात का बघायला. संध्याकाळी तो हात हलवत आला.

"सापडले न्हाईत?" मी विचारलं.

"सापडले. एका शेडला लावलेत. पांढरा रंग तसाच हाय."

"मग?"

"वरच्या आडव्या पाइपाला झोळी बांधलीय. लेकरू निजलं होतं." तो चपला काढत राहिला. मग म्हणाला, "त्या बाईनं चहा दिला. कामून आलाव म्हणली. म्हणलं, सहज आलो."

त्या वर्षी लातूरची पोरं बांबूच्या गोलात खेळली. चेंडू लागला की बांबू वाकायचा आणि गोल झाला की नाही यावर भांडणं व्हायची.

ह्यानंतर मैदानाचे जे दिवस आले त्यांना मी भाडोत्री दिवस म्हणते. सभा, प्रदर्शनं, आनंदनगरी, लग्नं, कीर्तनं, सगळं तिथंच. निवडणुका आल्या की हेलिकॉप्टर उतरायचं. त्यासाठी मैदानाच्या मधोमध चुन्यानं मोठा इंग्रजी एच काढायचे आणि तो महिनोन् महिने तसाच राहायचा. खेळाडू त्या एचच्या आडव्या दांडीवर चेंडू ठेवून मॅच सुरू करायचे. पोरांना पळायला फक्कीनं ट्रॅक आखावा, तर हेलिकॉप्टर येऊन ती फक्की गॅलरीतल्या लोकांच्या डोक्यावर उडवून जायचं. मी तेव्हा शाळेत गणिताबरोबर मुलींचा खेळाचा तासही घ्यायची. माझ्या एका मुलीनं मला निरागसपणानं विचारलं, "बाई, आपण आधी पळावं का त्यांनी आधी उतरावं?" मी म्हणाले, "तू पळ. ते कुठंही उतरतात."

मांडव निघाला तरी खड्डे राहायचे. नवरा तोवर गोल सोडून रेफरी झाला होता. गोलकीपर असताना त्याला फक्त एका टोकाला उभं राहून ओरडता येत होतं, आता पूर्ण मैदानभर फिरून ओरडता यायला लागलं. एका मॅचमध्ये तो मागं मागं पळत, चेंडूवर नजर ठेवून, कुणाच्या तरी रिसेप्शनच्या खड्ड्यात गेला. घोटा मोडला. प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा सासूबाई दारातच होत्या. त्यांनी पायाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, त्या लग्नाला जाऊ नगं." नवरा कळवळून हसला. सासूबाई अशाच होत्या. शेवटपर्यंत अशाच राहिल्या. त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यातसुद्धा त्यांनी मला विचारलं होतं, "झालं का गं ते स्टेडियम?"

गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात मैदानाचा पार तवा झाला. सचिवांच्या मनात आलं की मोठी स्पर्धा भरवायची आणि टँकरनं मैदान भिजवून घ्यायचं. माझ्या नवऱ्यानं बैठकीत त्यांना विचारलं, "तुमच्या घरी पाणी किती दिवसांनी येतंय?" सचिवांनी वहीतला टँकर खोडला. स्पर्धा कोरड्या मैदानावर झाली. खेळाडू मॅच संपल्यावर गिरणीतून दळून निघाल्यासारखे दिसत होते. दोन्ही संघांच्या जर्सीचा रंग एकच झाला आणि उत्तरार्धात पास कुणाला द्यायचा हे एकमेकांना नावानं हाक मारून ठरवावं लागलं.

आणि मग, आम्ही दोघं चष्म्याला आणि गुडघ्याला सरावलो तेव्हा, स्टेडियम खरंच झालं. गवत लागलं. भोवती लालभडक सिंथेटिक ट्रॅक आला. पहिल्यांदा त्याच्यावर पाय ठेवला तेव्हा मला रडू आलं, हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तो माझ्या आधीच रडत होता. त्या ट्रॅकवर चपला, टाचा, सायकल, काहीही न्यायचं नाही, असं बांधणाऱ्या माणसांनी बजावलं होतं. सचिवांनी ते इतकं मनावर घेतलं की आम्हा फिरायला येणाऱ्या बायकांना ते गेटजवळच बूट उलटे करून दाखवायला लावायचे.

उद्घाटनाचा दिवस ठरला. मोठे साहेब, म्हणजे मंत्री, येणार होते. त्यांनी ट्रॅकवरची फीत कापायची, भाषण करायचं, आणि मग नांदेड विरुद्ध लातूर अशी माजी खेळाडूंची मॅच. नांदेडकडून दादा येणार होता. साठी ओलांडली तरी त्याला पुढंच खेळायचं होतं. रेफरी अर्थातच माझा नवरा. त्यानं काळा ड्रेस आदल्या दिवशी स्वतः इस्त्री केला. आमच्या लग्नातला कोट त्यानं इतक्या प्रेमानं कधी घातला नव्हता.

दुपारपासून शाळेची पोरं लेझीम घेऊन ट्रॅकच्या कडेला उभी केली होती. गॅलरी भरली होती आणि ऊन समोरून तोंडावर येत होतं. दिलेली वेळ झाली. साहेब आले नाहीत. निघालेत, असा निरोप आला. मग रेणापूरच्या पुढं आलेत, असा आला. मग कळलं की ते अजून दुसऱ्याच तालुक्यात जेवतायत. लेझीमवाल्या पोरींपैकी एक मटकन खाली बसली. मी तिला सावलीत नेलं, पाणी पाजलं. परत येते तो दुसरी बसली. बाकीच्या पोरी उभ्या होत्या, पण त्यांचे चेहरे बघवत नव्हते. मी सरळ त्यांच्या बाईंना सांगितलं, "पोरींना आत घ्या, मी बघते कोण काय म्हणतं." सचिव धावत आले.

"मॅडम, साहेबांच्या स्वागताला कोण उभं राहणार?"

"तुम्ही राहा की. लेझीम देऊ का?"

तेवढ्यात शिट्टी वाजली. मी वळून बघितलं. नवरा मधोमध उभा होता, दोन्ही संघ आपापल्या जागी, आणि मॅच सुरू झाली होती.

सचिव गोलरेषेजवळून हात हलवत ओरडले, "अहो, थांबा! उद्घाटन व्हायचंय!"

नवरा पळता पळता म्हणाला, "फीत ट्रॅकवर हाय. मी गवतावर हाय."

गॅलरीत टाळ्या पडल्या. लोक इतका वेळ उन्हात भाजत बसले होते की त्यांनी कशालाही टाळ्या वाजवल्या असत्या, पण ह्या खऱ्या होत्या. मॅच म्हणाल तर फार प्रेक्षणीय नव्हती. एकेकाची पोटं चेंडूच्या आधी पोचत होती. दादानं एक गोल मारला आणि आनंदानं पळायला लागला, तो तसाच पाण्याच्या ड्रमपर्यंत गेला. पण खेळ चालू होता, लोक ओरडत होते, आणि पोरी सावलीतून बघत होत्या.

आणि मग सायरन वाजला. गेट उघडलं. स्टेज मैदानाच्या पलीकडच्या बाजूला होतं आणि साहेबांना तिथवर चालायला लागू नये म्हणून सचिवांनी हातानं खूण केली, या, या, असेच या. आमचे बूट उलटे करून बघणाऱ्या माणसानं पांढरी भलीमोठी मोटार त्या लाल ट्रॅकवरून आत घेतली. मोटार ट्रॅक ओलांडून गवतावर आली. चालू मॅचमध्ये. नांदेडचा एक बचावपटू तिला चुकवताना पडला.

नवऱ्यानं शिट्टी मारली. लांब, दम संपेपर्यंत. सगळं मैदान थांबलं, मोटारही थांबली. तो शांतपणे चालत तिच्यासमोर गेला, ताठ उभा राहिला, खिशात हात घातला आणि लाल कार्ड काढून डोक्याच्या वर धरलं.

मी त्याला चांगली ओळखते. तो चेष्टा करत नव्हता.

मोटारीची काच खाली झाली. साहेबांना वाटलं असावं, हा इथला स्वागताचा काही प्रकार आहे. त्यांनी हसून हात जोडले. "नमस्कार, नमस्कार." नवरा हलला नाही. कार्डही हललं नाही. साहेबांनी पुन्हा हात जोडले. तेव्हा ड्रायव्हर मागं वळून हळूच म्हणाला, पण समोरच्या चार-सहा खेळाडूंना ऐकू गेलंच, "साहेब, आपल्याला बाहेर काढलालेत."

"कोण काढलालंय?"

"रेफरी."

साहेबांनी एकदा कार्डाकडं बघितलं, एकदा सचिवांकडं. सचिवांचा चेहरा त्या कार्डाच्याच रंगाचा झाला होता. मग ड्रायव्हरनं, तो कुठल्या तरी काळी फुटबॉल खेळलेला असणार, मुकाट्यानं गिअर टाकला आणि मोटार मागं घेतली. गॅलरीत जो आवाज झाला तो मी आजवर कुठल्याच गोलाला ऐकला नाही. फक्त ट्रॅकवर आल्यावर ड्रायव्हरनं जागच्या जागी चाकं वळवली, आणि वळणावर ट्रॅकचा एक तुकडा सोलून निघाला. तो डाग अजून आहे.

मॅच तिथंच अर्धी राहिली. साहेब चालत स्टेजवर गेले. फीत कापली. भाषणात म्हणाले, राजकारणात आम्हाला बाहेर काढायला पुष्कळजण टपलेले असतात, पण इतक्या सरळ कुणी सांगत नाही. लोक हसले. साहेब हसले आणि निघून गेले, आणि मला वाटतं पुढच्या गावापर्यंत ते सगळं विसरूनही गेले असतील. विसरले नाहीत ते सचिव. संध्याकाळपर्यंत ते चित्रण सगळ्या फोनवर फिरत होतं. नवऱ्याला समितीतून काढलं, आणि कुठल्याही मॅचला त्यानं शिट्टी वाजवायची नाही असं ठरलं.

त्यानंतरचे दिवस माझे होते, आणि ते वाईट होते. बँकेतून निवृत्त झालेला, मैदान बंद झालेला रेफरी घरात ठेवून बघा. तो दूधवाल्याला उशिराबद्दल ताकीद द्यायचा. मी फोनवर बोलत बसले की मनगटावरच्या घड्याळाकडं बोट दाखवायचा. स्वयंपाकघरात मी आणि कामवाली बोलत असलो की मध्ये येऊन विचारायचा, "काय वाद हाय?" मी म्हणाले, "तुम्ही बाहेर जाऊन या." तो बाहेर जायचा आणि मैदानाच्या मागच्या गल्लीत मित्राच्या गच्चीवर उभा राहून मॅच बघायचा. तिथून तो ओरडायचा. त्याचा आवाज मैदानात स्पष्ट ऐकू यायचा, आणि खेळाडू खालच्या रेफरीपेक्षा गच्चीवरच्या रेफरीचं ऐकायचे.

पण एकदा संध्याकाळी मी त्याला चहा द्यायला गेले तर तो पलंगावर बसून बूट पुसत होता. जायचं कुठंच नव्हतं. मी शेजारी बसले.

"चुकलं का माझं?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"तू रागावली होतीस."

"भ्याले होते. राग वेगळा."

त्यानं दुसरा बूट घेतला आणि म्हणाला, "ट्रॅक फाटला त्याचं वाईट वाटलालंय. मागं घ्या म्हणायच्या ऐवजी ढकलून न्या म्हणायला पाहिजे होतं."

शेवटी सचिव स्वतः आमच्या घरी आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. झालं असं होतं की त्यांनी आणलेला नवा रेफरी अतिशय सज्जन होता. तो कुणालाच दुखवायचा नाही. दोन्ही संघांना विचारून निर्णय द्यायचा. मॅचपेक्षा चर्चा लांबायला लागली आणि एकदा तर अंधार पडल्यावर दोन्ही संघ आपणच जिंकलो म्हणून घरी गेले. खेळाडूंनी सांगितलं, जुने सर येणार असतील तर खेळू.

सचिव सोफ्याच्या कडेवर बसले. "झालं गेलं सोडून द्या सर."

नवरा म्हणाला, "एकच अट हाय. मॅच दिलेल्या वेळेला सुरू होणार. कुणी आलं तरी आणि न्हाई आलं तरी."

"हाव, हाव."

"साहेब येवोत न्हाईतर साहेबांचे साहेब."

"हाव म्हणलो की!" सचिवांनी पेढा उचलून स्वतःच खाल्ला.

पहिलीच मॅच पुन्हा नांदेडशी. उद्घाटनाची अर्धी राहिलेली पुरी करू, असं माजी खेळाडूंनीच ठरवलं होतं. दिलेल्या वेळेला नवरा मैदानावर. लातूरचा संघ मैदानावर. गॅलरीत मी, माझ्या बरोबरीनं फिरायला येणाऱ्या दोघीजणी, आणि एक म्हातारे गृहस्थ, ते मॅचसाठी नव्हे तर बसायला आले होते. नांदेडचा पत्ता नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा होता.

"अगं, लोह्याजवळ टायर फुटलंय. दाजींना सांग, जरा थांबा म्हणावं."

मी गॅलरीतून ओरडून सांगितलं. नवऱ्यानं ऐकलं. घड्याळ बघितलं. आणि शिट्टी मारली.

लातूरचा पुढचा खेळाडू चेंडूवर पाय ठेवून उभा होता. समोर मोकळं मैदान, मोकळा गोल. त्यानं विचारलं, "सर, मारू का?"

"कुणाला?" नवरा म्हणाला. त्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं, नियमात जेवढं थांबायचं असतं तेवढं थांबला, आणि लातूरला विजयी घोषित करून टाकलं. म्हाताऱ्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या.

नांदेडची गाडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दादाला गेटवरच कळलं. तो तावातावानं मैदानात घुसला. हाताला टायरचं काळं तसंच होतं.

"दाजी, तुम्ही माणूस हाव का घड्याळ?"

"उशीर झाला की मॅच गेली. मंत्र्याला एक आन् मेव्हण्याला एक, असं मला जमत न्हाई."

"मंत्री जेवत बसला होता. मी टायर बदलून राहिलो होतो!"

नवऱ्यानं पुन्हा घड्याळ बघितलं. मला दिसत होतं की त्याला हे पटलंय आणि पटलेलं आवडलेलं नाही. मध्ये लातूरचाच एकजण पडला. "सर, कागदावर आम्ही जिंकलो, बरं. पण आता हे एवढ्या लांबून आलेत, आम्हीही बूट घालून बसलोत. नुसतंच खेळू की." नवऱ्यानं त्याच्याकडं बघितलं, दादाकडं बघितलं, आणि म्हणाला, "नुसतंच असलं तरी नियमानं होईल."

अडचण एकच होती. लाइनमन मॅच संपली म्हणून घरी गेला होता. नवऱ्यानं गॅलरीकडं बघितलं आणि बोटानं मला खूण केली. माझ्या दोघी मैत्रिणींनी मला अक्षरशः ढकललं. मी पंजाबी ड्रेसवर, फिरायच्या बुटात खाली उतरले आणि झेंडा हातात घेतला. ऑफसाइड मला येतं. तीस-एक वर्षं जेवणाच्या ताटात लोणचं, लिंबू आणि वाट्या सरकवून ज्या बाईला ऑफसाइड समजावून सांगितलं गेलंय, तिला ते येणारच.

मी त्या रेषेवरून इकडून तिकडं पळत होते. गुडघे कुरकुरत होते, ओढणी कमरेला बांधली होती आणि मला फार मजा येत होती. दादाच्या पायांत अजून जोर होता. लांब पास सुटायच्या आधीच तो लातूरच्या बचावाच्या पुढं गेला होता; तो एकटाच गोलकडं सुटला, आणि मी झेंडा वर केला. शिट्टी वाजली.

दादा थांबला. त्यानं झेंड्याकडं बघितलं, मग झेंडा धरणाऱ्या माझ्याकडं. "अगं, मी तुझा भाऊ हाय!"

"भाऊ ऑफसाइड हाय," मी ओरडले.

गॅलरीतल्या दोघी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. नवरा माझ्याकडं बघत नव्हता, पण त्याची मिशी हलत होती. त्यानंतर मी दादाला आणखी दोनदा पकडलं. लातूरनं एक गोल मारला, नांदेडनं एक, आणि खेळ बरोबरीत सुटला तेव्हा कुणाचंच भांडायचं त्राण उरलं नव्हतं. सगळ्यांनी गेटबाहेर भजी खाल्ली. दादा माझ्याशी बोलला नाही. पाया पडले तर आशीर्वाद दिला, पण तोंड फिरवून.

गाडी चाकूरच्या पुढं गेली असेल, तेव्हा त्याचा फोन आला.

"पहिला आन् तिसरा कबूल हाय मला," तो म्हणाला. "पण तो दुसरा ऑफसाइड नव्हता."

"होता," मी म्हणाले. "घरी पोचला की फोन कर."